लेह ते दिल्ली, व्हाया नाना

लेहमध्ये "दिल्लीला कसं जावं?" हा प्रश्न उभ्याउभ्या विचारायचा नसतो. विचारायचाच असेल तर आधी बसायला जागा शोधावी आणि चहा मागवावा. कारण लेहच्या बाजारात प्रत्येकाकडे या प्रश्नाचं उत्तर असतं, आणि बहुतेकांकडे गाडी चालवणारा एखादा भाचाही असतो.

आमच्याबरोबर नाना होते. नाना म्हणजे माझे सासरे. उभी हयात त्यांनी एसटीत काढली, शेवटची वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. निवृत्त झाले, पण नियंत्रण सुटलं नाही. घरातल्या लग्नातही वऱ्हाडाची गाडी ते हातातल्या घड्याळाकडे बघूनच सोडतात. अशा माणसाला घेऊन हिमालयातून राजधानीत उतरायचं, तर गाडीची निवड हा प्रवासाचा भाग राहत नाही. ते खातेनिहाय चौकशीचं प्रकरण होतं.

सगळ्यात सोपं विमान. लेहहून दिल्ली सव्वा-दीड तासाची. लेहचा कुशोक बकुला रिनपोछे विमानतळ 3256 मीटर उंचीवर आहे. हवा मुळातच विरळ, त्यात दुपारी ती तापते आणि वारे सुटतात, म्हणून विमानं बहुतेक सकाळच्या वेळात ये-जा करतात. सकाळी ढग आले तर विमान रद्द, आणि मग त्या विमानाचे प्रवासी उद्याच्या प्रवाशांच्या उरावर. पण नानांचा आक्षेप हवामानाबद्दल नव्हता.

"जावईबापू, ज्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढता येत नाही, तिच्यात मी बसत नाही."

"बाबा, हात बाहेर काढू नये असं एसटीतच लिहिलेलं असतं," बायको म्हणाली.

"लिहिलेलं असतं. पण काढता येतो की नाही?"

विमान बाद झालं.

आता रस्ते. श्रीनगरचा रस्ता आम्ही येताना बघितला होता. त्यावर सगळ्यात उंच फोटू ला आहे, 4108 मीटर, पण घाबरवतो तो त्याहून बुटका झोजी ला. तिथे नानांनी समोरून आलेल्या लष्करी ट्रकला बसल्या जागेवरून हाताने बाजू दिली होती आणि तो ट्रक खरोखरच त्याप्रमाणे गेल्यामुळे त्यांचा रुबाब कारगिलपर्यंत टिकला होता. पण श्रीनगर, जम्मू करत दिल्लीला जायचं म्हणजे बाराशे किलोमीटरच्या वर. दुसरा रस्ता निम्मूहून पदुममार्गे दारचाला निघणारा. तो 298 किलोमीटरचा रस्ता 2024 मध्ये जोडला गेला. नाना म्हणाले, "नव्या रस्त्यावरून निदान चार पावसाळे तरी जायला हवेत." हॉटेलवाल्याने सांगितलं की लडाखमध्ये पाऊस फारसा पडतच नाही. "मग तो रस्ता कधी पक्का व्हायचा नाही," असा शेरा मारून नानांनी तेही प्रकरण निकाली काढलं.

उरला मनालीचा रस्ता. लेहहून केलाँग, मनाली, मंडी, चंदीगड, दिल्ली. साधारण हजार किलोमीटर.

रस्ता ठरला म्हणजे गाडी ठरली असं नाही. खरी रणधुमाळी इथूनच. शेअर टॅक्सी मध्यरात्रीनंतर निघते आणि संध्याकाळपर्यंत मनालीला टेकवते. रात्री निघण्यामागे शास्त्र आहे. वरचा बर्फ दिवसभराच्या उन्हाने वितळतो आणि दुपारनंतर नाल्यांचं पाणी रस्त्यावर चढतं, तेव्हा अवघड नाले लवकर पार केलेले बरे. टॅक्सीतल्या पुढच्या सीटचे पैसे जास्त. का, तर तिथून देखावा दिसतो म्हणे. मी चौकशी केली तेव्हा कळलं की पुढे बसणाऱ्याने चालकाशी रात्रभर बोलत राहायचं असतं, म्हणजे त्याला झोप लागत नाही. जास्त पैसे भरून रात्रपाळी करायची ही पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

नानांनी टॅक्सीवाल्याची मुलाखत घेतली. त्यांच्या हिंदीला घाटावरचा वारा लागलेला आहे. "आप शाम को मनाली पोचे, तो वापस कब निकलेंगे?" त्याने अभिमानाने सांगितलं, की त्याच रात्री. "और सोयेंगे कब?" टॅक्सीवाला हसला. नाना हसले नाहीत. "हमारे एस्टी में ऐसा नहीं चलता," म्हणाले आणि उठले.

टेम्पो ट्रॅव्हलरचंही तेच झालं. तिथे बारा माणसांच्या जागेत बारा माणसं आणि बारा माणसांचं सामान, असा हिशोब होता; टपावरची ताडपत्री नानांनी स्वतः ओढून पाहिली आणि मान हलवली. एका ट्रकवाल्या सरदारजींनी केबिनमध्ये घेऊन जाण्याची तयारी दाखवली. लेहला माल उतरवून ते रिकामेच परतत होते. माणूस फार मोकळा. पण "किती दिवस लागतील?" या प्रश्नावर त्यांनी आकाशाकडे बोट केलं, आणि आमची दिल्लीहून पुढची रेल्वेची तिकिटं आरक्षित होती. बुलेटवरून आलेल्या चार पुणेकर तरुणांनी "काका, मागे बसा, सोडतो," असंही सुचवलं. त्यांच्या अंगावर इतकी चिलखतं होती, की नानांनी त्यांना आधी "पडलात कुठे?" म्हणून विचारलं.

शेवटी बसस्टँडवर हिमाचल परिवहनची दिल्लीला जाणारी सरकारी बस सापडली. एसी नाही, मागे रेलणारी आसनं नाहीत, पडदे नाहीत. खिडक्या सरकतात. तिकीट माणशी दोन हजारांच्या आसपास, म्हणजे नुसतं मनालीपर्यंतच्या टॅक्सीलाही याहून जास्त मोजावे लागले असते. नानांनी बसभोवती एक प्रदक्षिणा घातली, चारही कोपऱ्यांतल्या टायरांना बुटाने टोचलं, वाहकाच्या खांद्याला लटकवलेली चामडी पिशवी पाहिली, आणि त्यांचा चेहरा उजळला. वाटेत चालक बदलतात हे कळल्यावर तर त्यांनी मला बाजूला घेतलं. "ड्युटी बदलते म्हणजे माणूस झोपतो. बसा."

बस पहाटेच्या अंधारात सुटली. बसमध्ये एक लामा, दोन सुट्टीवर निघालेले जवान, आणि मागच्या रांगांमध्ये झारखंडचे रस्तामजूर होते. सीमा सडक संघटनेच्या कामावर उन्हाळाभर हा रस्ता डांबरून, हंगाम संपताना त्याच रस्त्याने घरी चालले होते. प्रत्येक मोठ्या गचक्याला ते आपसात काहीतरी बोलून हसत. तो तुकडा कोणत्या टोळीचा, हे त्यांना ठाऊक असावं.

उपशीला रस्ता सिंधूला सोडून वर चढायला लागतो आणि फोनची रेंज जाते. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये मुळातच चालत नाही, त्यामुळे आम्हाला दुःख झालं नाही. तांगलांग ला 5328 मीटरवर आहे. खिंडीतली पाटी मात्र 17582 फूट सांगते, जे शंभरएक फूट जास्त होतं. "आमच्याकडे किलोमीटरच्या दगडात एवढी तफावत निघाली असती तर टप्पा बदलून भाडं वाढलं असतं," नाना म्हणाले. या रस्त्यावरच्या पिवळ्या पाट्यांना तसा बोलायचा फार सोस. दारू, वेग आणि घरी वाट पाहणारी बायको या तीन विषयांवर त्या यमक जुळवून उपदेश करतात. चालक त्यातली एकही वाचत नव्हता आणि माझ्या मते तेच सुरक्षित होतं.

खिंड उतरली की मोरेचं पठार लागतं. साडेचार हजार मीटरच्याही वर, आणि चाळीसेक किलोमीटर जवळजवळ सपाट. लांबवर रानटी गाढवं, म्हणजे कियांग, आणि चांगपा मेंढपाळांच्या शेळ्या. पहाटेपासून दुसऱ्या गिअरमध्ये कण्हणारी बस इथे अचानक सुसाट सुटली. नाना पुढे जाऊन इंजिनच्या बॉनेटजवळ उभे राहिले. काही बोलले नाहीत, नुसतं स्पीडोमीटरकडे पाहत राहिले. चालकाने वेग कमी केला. असं नुसतं बघण्यावर पूर्वी अर्धा डेपो चालत असे.

पांगला तंबूंमध्ये जेवण. राजमा, भात आणि मॅगी. तंबूवाल्या मावशींनी नानांना डोकं दुखतंय का विचारलं. नाही दुखत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, लेहहून खाली जाणाऱ्यांचं दुखत नाही, मनालीहून वर येणाऱ्यांचं दुखतं. खरं आहे. लेहमध्ये राहून शरीराला उंचीची सवय झालेली असते. उलट दिशेने येणारे पर्यटक सरचूच्या तंबूत रात्रभर कपाळ धरून बसतात.

पांगनंतर लाचुंग ला. त्यानंतर जे ठिकाण येतं त्याचं नाव व्हिस्की नाला. मग नकी ला, मग गाटा लूप्सची 21 वळणं, आणि वळणं उतरून गेल्यावर ब्रँडी नाला. नानांच्या गळ्यात तुळशीची माळ. वाहकाने ही नावं सांगितली तेव्हा त्यांनी दोन्ही कानांना हात लावले आणि म्हणाले, "आधी व्हिस्की, मग एकवीस वळणं, मग ब्रँडी! हा मार्ग मंजूर कोणी केला?"

गाटा लूप्समध्ये एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसतो. गोष्ट अशी सांगतात, की एक ट्रक इथे बंद पडला. चालक मदत आणायला गेला, क्लीनर गाडी राखत थांबला, बर्फामुळे रस्ता बंद झाला आणि तो बिचारा तहानेने, थंडीने गेला. तेव्हापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाणी मागतो म्हणे. बसमधले सगळे गप्प झाले. जवानांपैकी एकाने हात जोडले. नानांनी भूत या विषयावर एक शब्द काढला नाही. फक्त विचारलं, "ब्रेकडाउन व्हॅन का पाठवली नाही?" आणि आपली अर्धी भरलेली बाटली वाहकाकडे दिली.

सरचूला लडाख संपतो, हिमाचल लागतं. बारालाचा ला 4890 मीटर, ही शेवटची मोठी चढण. दुपार कलली होती, नाल्याचं पाणी रस्त्यावर आलंच होतं. एका ठिकाणी चालकाने बस थांबवली, उतरला, पाण्यात दगड टाकून आवाज ऐकला, परत चढला आणि सरळ बस घातली. समोरून आलेली एक टॅक्सी काठावर अडून राहिली होती. त्यातल्या पुढच्या सीटवरचा गृहस्थ अजूनही चालकाशी बोलत होता.

केलाँगला नवा चालक आला. पहिल्या चालकाने नानांना नमस्कार केला. का केला हे त्यालाही सांगता आलं नसतं. खाली टांडीचा पेट्रोलपंप. लेहकडे निघालेल्यांना पुढचा पंप 365 किलोमीटरवर आहे अशी इथली पाटी वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे. मग अटल बोगदा. 3 ऑक्टोबर 2020 ला तो खुला झाला, लांबी 9.02 किलोमीटर. अलीकडे लाहौलचे उघडेबोडके डोंगर, पलीकडे देवदार आणि ओल. पूर्वी यासाठी 3978 मीटरचा रोहतांग चढून उतरावा लागे. सगळी बस सुटकेने पाय पसरून बसली. नाना एकटे नाराज. "घाट बुडवला," म्हणाले.

त्यानंतरचं हिमाचल झोपेत गेलं, आणि सांगण्यासारखं पुढे फारसं नाही. हरियाणात उकाडा, मुरथलजवळ पराठ्यांचा वास आणि ट्रकांचे भोंगे. परतताना काश्मीरच्या वाटेला जायचं नाही असं ठरवून झोजी ला टाळला, तरी उतरलो ते दिल्लीच्या काश्मिरी गेटलाच. बसस्थानकच तिथे आहे. नाना थेट चौकशी खिडकीपाशी गेले आणि तिथल्या कर्मचाऱ्याला गाडी किती उशिरा आली, का आली आणि त्यात चालकाची चूक कशी नाही, हे तपशीलवार सांगून आले. त्याने कुठेतरी लिहून घेतलं. निदान तसं दाखवलं.

माझं मत विचाराल तर लेहहून दिल्लीला सरकारी बसनेच या. चालक पगारी आहे, त्याला रात्रीत उलटी फेरी मारायची घाई नाही, आणि या रस्त्यावर यापेक्षा मोठी सोय पैसे मोजून मिळत नाही. कंबर मात्र आपली, तिची जबाबदारी कोणी घेत नाही, तेव्हा मागच्या चाकावरची आणि शेवटच्या रांगेतली जागा घेऊ नका. बस उन्हाळ्यापुरतीच असते. साधारण जूनमध्ये रस्ता मोकळा झाल्यावर सुरू होते आणि सप्टेंबरमध्ये बंद होते. निघण्याआधी स्टँडवर जाऊन स्वतः चौकशी करा, बाजारातल्या भाच्यांना विचारू नका.