तुती आणि मोरी

तुतीच्या साठवणीचा विचार करताना प्रथम हे मान्य करावे लागते की स्वतःला साठवून घेण्याची इच्छा या फळाला मुळीच नसते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तुती हे एक फळ नसून संयुक्त फळ आहे, म्हणजे कणसावरच्या प्रत्येक फुलाचा एकेक रसाळ मणी होतो आणि हे सारे मणी एकाच देठाला धरून एकत्र कुटुंबासारखे दाटीवाटीने राहतात. त्यांतला एक फुटला की शेजारचे चार भिजतात आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पाटीला बुरशीची चाहूल लागते.

महाबळेश्वरच्या बाजारात असो की परसदारी, उन्हाळ्याच्या तोंडावर एकाच फांदीवर हिरवी, लाल आणि काळी फळे एकदम दिसतात. जे बोट लागताच हाती येते ते पिकलेले आणि जे ओढावे लागते ते आंबट, एवढा नियम तोडणीला पुरतो. झाडाखाली जुनी चादर अंथरून फांदी हलवण्याची पद्धत अधिक सोयीची असली, तरी कोणती चादर जुनी याविषयी कोणत्याही घरात एकमत नसल्याने ती सहसा सिद्धान्तापुरतीच राहते.

तोडलेली तुती लगेच धुऊ नये, कारण तिच्या पातळ सालीला ओल सोसत नाही. न धुता, पसरट डब्यात एकाच थरात ठेवल्यास ती फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस तग धरते. खाण्यापूर्वी ती पाचेक मिनिटे मिठाच्या पाण्यात ठेवून, रोवळीत अलगद निथळून पंचावर पसरावी. या पाण्यावर कधी कधी बारीक किडे तरंगताना आढळतात. ज्यांना ते पाहवत नाहीत त्यांनी तुती झाडाखालीच खावी, तेथे ते दिसत नाहीत. देठ फळाच्या गाभ्यापर्यंत गेलेला असल्यामुळे तो उपटू नये, कात्रीने कापावा, किंवा सरळ गिळावा. बहुसंख्य अभ्यासक तेच करतात. अधिक दिवस ठेवायची असल्यास सुटी सुटी पसरून गोठवावी आणि मगच पिशवीत भरावी, नाहीतर तिचा एकच जांभळा दगड होतो. जॅम करताना लिंबू पिळावे लागते, कारण जॅम आळण्यासाठी लागणारे पेक्टिन हे द्रव्य पिकलेल्या तुतीत बेताचेच असते. टुटीफ्रुटीत मात्र तुती शोधू नये. ती कच्च्या पपईची असते.

खरा प्रश्न डागाचा आहे. तुतीचा रंग अँथोसायनिन या द्रव्यांमुळे येतो, जी आम्लात लाल आणि अल्कलीत निळसर होतात. त्यामुळे घाबरून साबण लावणाऱ्याचा डाग जात नाही, फक्त निळा होतो, आणि लिंबाचे नाव सुचेपर्यंत सदरा पायपुसण्याच्या वर्गात गेलेला असतो.

या झाडाचा पाला खाऊन ज्या रेशमाची पैठणी होते ते निर्माण करणाऱ्या किड्याचे शास्त्रीय नाव ‘बॉम्बिक्स मोरी’ आहे. त्यातले ‘मोरी’ हे तुतीच्या ‘मोरस’ या लॅटिन नावाचे षष्ठीचे रूप, म्हणजे ‘तुतीचा’. परंतु ज्या घरात पैठणी नेसून तुती खाल्ली जाते, त्या घरात हा शब्द शुद्ध मराठीत आणि बऱ्याच मोठ्या आवाजात उच्चारला जातो.