कानावर घालतो

"साहेबांच्या कानावर घालतो," हे आमच्या नानांचं पालुपद. कळंबला कुणाचा सातबारा अडलेला असो, मीटर जळलेलं असो की जावयाची बदली. नाना डोळे मिटतात, जरा थांबतात आणि हे वाक्य सोडतात. मराठीने ही मोठीच सोय करून ठेवली आहे. गोष्ट कानावर घालायची. ती आत जाते की वरच राहते, याची जबाबदारी घालणाऱ्यावर नाही.

नानांचं चरित्र म्हणजे आमच्या भागाचा प्रशासकीय इतिहास. ३ जुलै २००९ ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका मोडून एक महापालिका झाली. चार कान जाऊन एकच उरला! नाना आठवडाभर घुश्शात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तेव्हा मात्र त्यांनी पेढे वाटले. दादरला गाडी बदलून गाठावा लागणारा कलेक्टरचा कान आता डहाणू लोकलच्या टप्प्यात आला होता. १ ऑक्टोबर २०२० ला पोलीस आयुक्तालयही आलं. नवा कोरा कान, पण करोनाचे दिवस. त्यावर मास्कचं इलॅस्टिक.

एकदा एक साहेब किनाऱ्याच्या पाहणीला आले. सुरूच्या बनापासून अर्धा गाव मागे. नाना पुढे सरकले, हात तोंडाशी नेला आणि थेट साहेबांच्या कानाला लागले. साहेबांनी मान हलवली, चांगली दोनदा. त्या दोन हेलकाव्यांवर नानांनी तीन वर्षं काढली: टपरीवर फुकट चहा, लग्नात पहिली पंगत, मोसमातलं पहिलं पापलेट. पुढे साहेबांच्या ड्रायव्हरनेच बिंग फोडलं. नाना म्हणाले होते, "साहेब, पुढं वाळू ओली आहे, बूट सांभाळा."

बूट कोरडे राहिले, हे मान्य करायला हवं.

एप्रिल-मेमध्ये बदल्यांचा हंगाम आला की नाना बांबूवरच्या बोंबलासारखे सुकतात. नवा साहेब म्हणजे पुन्हा शिपायापासून चढण.

आमच्या गल्लीतला दिवा पावसाळ्यापासून बंद आहे. सगळं ठाऊक असूनही परवा मीच सुकेळीचं पुडकं घेऊन त्यांच्या ओटीवर बसलो. नानांनी डोळे मिटले. "मोठ्या साहेबांच्या घालू, की त्यांच्याही वरच्यांच्या?"

"नाना, वायरमनच्या कानावर घातलं तर?"

नाना दुखावले. पुडकं मात्र आत गेलं.