काय करत न्हाई, या की आत!

कोल्हापूरच्या पाहुणचाराची परीक्षा तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर होते, असं बाहेरची माणसं समजतात. खरी परीक्षा फाटकाशी होते. ताराबाई पार्कातला बंगला असो नाहीतर उपनगरातली नवी कॉलनी, आत साखळी ताणून कुत्रा भुंकत असतो, बाहेर सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस थबकलेला असतो आणि व्हरांड्यातून मालक हाक देतात, ‘अहो, काय करत न्हाई तो, या की आत!’

या वाक्याचा जाहीर सत्कार व्हायला हवा. एवढ्या थोड्या शब्दांत एवढी मोठी हमी बँकासुद्धा देत नाहीत. शिवाय फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी असतेच. पाटीने सावध करायचं, मालकांनी निर्धास्त करायचं आणि दोन्हींतलं खरं कोणतं ते सिलिंडरवाल्याने आपल्या पोटरीवर तपासून घ्यायचं. कामाची विभागणी इतकी चोख दुसरीकडे दिसत नाही.

मालकांचं प्रेम तर वादातीत. कुत्रा मात्र कित्येक महिने काहीतरी सांगत असतो. अनोळखी माणूस जवळ आला की तो अंग ताठ करतो, तोंड फिरवतो, ओठ चाटतो, डोळ्यांचे पांढरे कोपरे दाखवतो. एवढ्यावर कुणी थांबलं नाही की गुरगुरतो. गुरगुरणं घराण्याला शोभत नाही, म्हणून मालक त्याला एक फटका देतात. शिस्त लागते. गुरगुरल्यावर मार बसतो हे कुत्र्याला कळतं, पण त्याची भीती कमी होत नाही. मग पुढच्या वेळी मधली पायरी गाळून तो थेट दात लावतो. तेव्हा सगळं घर हळहळतं, ‘काही न सांगता चावला हो!’

अशा घरांत कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेण्याची घाई केली जात नाही. शांत कुत्रा एकाएकी चावू लागला तर त्याचा कान ठणकत असेल, कंबर दुखत असेल, अशा शंका डॉक्टर काढतात. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत त्याला माणसं, मुलं, आवाज, गाड्या यांची गोडीने ओळख करून द्या, असंही सांगतात. त्यापेक्षा दिवसभर जिन्याखाली बांधून ठेवणं स्वस्त पडतं. घरातलं लहान मूल कुत्र्याच्या ताटलीत हात घालतं, तो क्षण मोबाइलवर टिपण्यासारखा असतो आणि टिपलाही जातो.

शाहू महाराजांच्या काळात याच कोल्हापुरात शिकारीचे चित्ते पाळले जात. काळविटाच्या मागे सोडेपर्यंत चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी, गळ्यात दोर आणि शेजारी त्याच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवणारा चित्तेवान. दरबाराचा आपल्या जनावरावर एवढाही विश्वास नव्हता. आज रंकाळ्यावर पहाटे फिरायला येणारा जर्मन शेफर्ड मोकळा असतो, त्याची दोरी मालकांच्या गळ्यात असते. जाळीची मुसकी घाला म्हटलं तर त्यांचा जीव तुटतो. त्या मुसकीत कुत्र्याला तोंड उघडता येतं, धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं, हे त्यांना सांगून दुखवू नये.

चावल्यानंतर तर प्रतिभेला बहर येतो. ‘दात लागलाय नुसता, खरचटलंय.’ कुणी हळद आणतं, कुणी चुना, कुणी तिखटाची पूड. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, त्याच दिवशी सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करायची, रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही घ्यायचं, हे फार साधं पडतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. 2024 साली याच शहरात भटका कुत्रा चावलेली एक तरुण मुलगी लस घेऊनही दगावली. तेवढ्याने ज्यांचा विश्वास ढळत नाही, ते खरे श्रद्धावान. ‘आमच्याला इंजेक्शन दिलंय की!’ केव्हा दिलं, तर तो पिल्लू होता तेव्हा. ही लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते. चावलेल्या माणसाने दाखला मागितला तर तो कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली पुण्याच्या सुनेकडे असते.

कायदाही मालकांना सांभाळून घेतो. जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घाबरायचं कारण नाही. मुंबईत 2010 साली एका रॉटवायलरने वृद्धाचे चावे घेतले, मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती 2023 मध्ये. वरळीच्या एका इमारतीत दीड वर्षाच्या मुलाला घेऊन लिफ्टमध्ये उभा असलेला बाप ‘मुलगा कुत्र्याला घाबरतो, थांबा’ म्हणत होता, तरी मालकाने हस्की आत आणला आणि तो बापाला चावला. घटना 2018 ची, चार महिन्यांची शिक्षा 2025 ची. सिलिंडरवाल्याला मात्र एवढं थांबता येत नाही. लसीसाठी सुट्टी घेतली की त्या दिवसाची मजुरी जाते. ती भरून देण्याचा विचार व्हरांड्यात कुणाला सुचत नाही, कारण तो आता काही करत नाही ना, हीच चौकशी तिथे चालू असते, आणि तीही कुत्र्याची.

तिसरा माणूस चावून झाला, शेजाऱ्यांनी पोलिसांचं नाव काढलं की प्रेमाची शेवटची पायरी येते. काल जो घरातला मुलगा होता, त्याला रात्री गाडीत घालून जोतिबाच्या रस्त्यावर नेऊन सोडतात. ‘तिथं भाविक असतात, कुणीतरी खायला घालतं.’ ज्याने आयुष्यात स्वतः अन्न शोधलेलं नाही, जो आधीच प्रत्येक अनोळखी हाताला भितो, तो आता सगळ्या अनोळखी हातांत जाऊन पडतो. पुढचा चावा जोतिबाला निघालेल्या एखाद्या पोराला बसतो. पाळीव जनावर असं टाकून देणं हा 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्यांदा केला तर दंड कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास.