रूटचा पासवर्ड मागू नये

अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज दोन वर्षांत सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर घडवून देतं. फी बेताची, वर्ग संध्याकाळचे. पण कॉलेजच्या लेखी जी दोन वर्षं, ती सर्व्हरच्या लेखी एक अख्खी पिढी. २०२० च्या ऑगस्टमध्ये ज्यांनी सेंटओएस ८ ही सर्व्हरवरची लिनक्स प्रणाली गिरवायला घेतली, त्यांना ती २०२९ पर्यंत पुरणार होती. डिसेंबरात तिच्यामागच्या रेड हॅट कंपनीने हात वर केले आणि २०२१ सरताना सगळा कारभार बंद. पदवी हाती यायच्या आत अभ्यासक्रमाचं तेरावं!

लॅबमध्ये आणखी मौज. ज्याला उद्या शेकडो यंत्रांवर राज्य करायचंय, त्याला समोरच्या संगणकावर एक प्रोग्रॅम टाकायची मुभा नाही; ‘रूट’चा, म्हणजे सर्वाधिकाराचा, पासवर्ड मागायचा नाही. आयटी विभागाकडे अर्ज करा. तोवर हा घ्या व्हर्च्युअल संगणक, इथले राजे तुम्हीच. (तेही बरंच म्हणा, फाइली सगळ्यांना सताड उघड्या करणारा ‘चमॉड ७७७’ हा रामबाण प्रत्येकाला एकदा सापडतोच.)

पुढे नोकरीची जाहिरात: ‘नवशिक्यांसाठी, अनुभव तीन वर्षं.’ सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांच्या कौतुकाचा दिवसही आहे, २००० पासून, जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी. तेव्हा कॉलेजात बहुतेकांना उन्हाळी सुट्टी असते.