खेळ सोडून बोला

लंडनचे वेम्ब्ली म्हणजे इंग्लंडचे राष्ट्रीय स्टेडियम. 90 हजार माणसे बसतात. फुटबॉलच्या एफए कपची फायनल तिथे, रग्बी लीगच्या चॅलेंज कपची फायनल तिथे आणि 2024 च्या उन्हाळ्यात टेलर स्विफ्टने तिथेच आठ रात्री गाजवल्या. एक मैदान, तीन धंदे. इंग्रजांना याचे भारी कौतुक.

आम्हाला कसले आलेय? चंद्रपूरच्या चांदा क्लब ग्राउंडवर प्रचारसभा होतात, कृषी प्रदर्शने होतात, 2024 च्या मार्चमध्ये ताडोबा महोत्सवही झाला. तीन कसले, तेरा धंदे. चौदावा उरलेल्या तारखांना.

खेळ.

वेम्ब्लीत गाणे असले की आधी गवतावर फळ्या अंथरतात. तिकिटाच्या पैशातून गवताचीही सोय होते. आपल्याकडे मंडपवाला आधी सब्बल काढतो. कार्यक्रम संपला की खांब जातो, खड्डा राहतो. दुसऱ्या दिवशी फिल्डिंगला उभ्या पोराला तो सापडतो.

पायाने.

हे मागास जिल्ह्याचे दुखणे म्हणाल, तर पुण्याला चला. 2021 च्या जूनमध्ये बालेवाडीच्या क्रीडा संकुलात बैठकीला आलेल्या नेत्यांच्या गाड्या थेट धावपट्टीपर्यंत पोचल्या. पुढे माफी वगैरे झाली. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये 2024 च्या ऑक्टोबरात दिलजीत दोसांझ गाऊन गेला आणि सरावाला आलेल्या धावपटूंना ट्रॅकवर कचरा मिळाला, अडथळ्यांच्या शर्यतीचे अडथळे मोडलेले मिळाले. निदान दिल्लीत मोडायला अडथळे तरी होते.

बरे, आपल्याला जमत नाही असेही नाही. बल्लारपूरजवळच्या विसापूरला 2023 च्या डिसेंबरात 67 वी राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाली. सिंथेटिक ट्रॅक, देशभरातली पोरे. सुधीर मुनगंटीवार मंत्री होते आणि त्यांनी मनावर घेतले होते. वर्षभरात मंत्रिपद गेले, ट्रॅक राहिला. सहसा उलटे होते.

प्रश्न एवढाच, की प्रत्येक तालुक्याने आपापल्या मंत्र्याची वाट बघायची का?

पैसा नाही म्हणू नका. 2022 मध्ये सरकारने तालुका क्रीडा संकुलाचे अनुदान एक कोटीवरून पाच कोटींवर नेले आणि जिल्ह्याचे आठवरून पंचवीसवर. आता फक्त जागा हवी. गडचिरोलीत जागेला काय तोटा? जिल्हाभर मोकळेच मोकळे.

पण ते मोकळे नसते. ते झुडपी जंगल असते. विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी 86 हजार हेक्टरांहून जास्त जमीन आहे आणि 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले, ही वनजमीनच. कायद्यापुढे बोलायची सोय नाही. बकरीला चघळायला एक झुडूप नसेल, कागदावर मात्र अरण्य. तिथे गोलपोस्ट रोवायचा तर फाइल केंद्राच्या दारात जाणार. खाणीच्या फायलीही त्याच दारातून जातात. त्या पोचतात.

तोवर गडचिरोलीची पोरे-पोरी काय करतात? पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. पोलीस भरती. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. अंतर मोजायला किलोमीटरचा दगड, वेळ लावायला मोबाइल आणि वेग वाढवायला मागून येणारा सुरजागडच्या लोहखनिजाचा ट्रक. असा प्रशिक्षक वेम्ब्लीत तरी मिळेल?

रग्बीचे नाव काढले की हसू येते ना? 2007 मध्ये भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आदिवासी पोरे लंडनला गेली आणि 14 वर्षांखालच्या गटाची आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धा जिंकून आली. ओडिशाच्या जंगलातली पोरे आणि आपल्या जंगलातली पोरे यांच्यात फरक काय? त्यांना कोणीतरी चेंडू दिला.

आपण पोरांना डोंगर दिला, हेही खरे. 2018 च्या मे महिन्यात 'मिशन शौर्य'मधून चंद्रपूरच्या आश्रमशाळांमधले पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. 8,848 मीटर. तिथे बरे आहे, मंडप टाकता येत नाही.

आणि बहुउद्देशीय मैदान बघायचेच असेल, तर हिवाळ्यात झाडीपट्टीत या. वडसा देसाईगंजकडे. धान कापून झाले की गावोगावी शंकरपट भरतो. बंदी आली, उठली, 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान डोलावली. दिवसा मोकळ्या शेतात बैल पळतात, रात्री जवळच्याच बांधीत मंडप पडतो आणि तिकीट लावून पहाटेपर्यंत नाटक चालते. खड्डे तिथेही खणतात बरे! पण पावसाळ्यात त्याच बांधीत रोवणी असते, म्हणून ते बुजवले जातात. तिथे ना क्रीडा अधिकारी, ना व्यवस्थापन समिती. सगळे वेळेवर होते ते बहुधा त्यामुळेच.