काटकसरीची वेस

भडगावात भरलेली पिशवी घेऊन बाजारातून घरी यायचं म्हणजे वाटेत जबान्या देत यायचं. कुणी ओट्यावरून विचारतं, कुणी मोटारसायकल थांबवून विचारतं, "कितलाले लिधं?" विचारणाऱ्याला ती वस्तू घ्यायची असते असं नाही. आपण ठकलो की नाही, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. त्यामुळे खरा भाव कुणी सांगत नाही. दोन रुपये कमी करूनच सांगायचा असा गावाचा रिवाज आहे. तरी समोरचा मान हलवून म्हणतोच, "माले तर पाच रुपया कमी लागनात." तोही दोन-तीन रुपये कमी करूनच बोलत असतो. दिल्लीतून महिन्यातून एकदा, साधारण बारा तारखेला, महागाईचा आकडा जाहीर होतो. आमचा रोज संध्याकाळी होतो, आणि तो सरकारी आकड्यापेक्षा नेहमी स्वस्त असतो.

अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ साली एक नियम मांडला. घरात पैसा जसजसा वाढतो, तसतसा एकूण खर्चातला खाण्यापिण्याचा वाटा कमी होतो. आपल्याकडच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत हा वाटा खेड्यांत ४६ टक्क्यांच्या आसपास आणि शहरांत ३९ टक्क्यांच्या आसपास निघाला. भडगावला नगरपरिषद आहे, म्हणून कागदावर आम्ही शहरी. पण गिरणेच्या काठावर राहणाऱ्या माणसाच्या पोटाला हे कुणी कळवलेलं दिसत नाही. आमच्या घराचा टक्का काढावा असं ह्यांच्या मनात आलं होतं. सासूबाईंनी एका वाक्यात तो विषय मिटवला. "खावाना काय हिशोब ठेवस रे?"

याचा अर्थ सासूबाई उधळ्या आहेत असा मुळीच नाही. त्यांच्याबरोबर आठवडे बाजाराला जाणं हे एक शिक्षण आहे. वांगी घ्यायची असली तर त्या आधी गवारीपाशी थांबतात, गवारीचा भाव विचारतात, तोंड वाकडं करतात आणि मग सहज नजर गेल्यासारखी वांग्यांकडे वळवतात. विकणारीही काही आजची नसते. तिलाही माहीत असतं की या म्हातारीला वांगीच हवी आहेत. "तुना भाव तुनाजोडे, मना पैसा मनाजोडे," असं म्हणून सासूबाई चार पावलं पुढे जातात. ती हाक मारते. ती हाक येणार हे दोघींनाही ठाऊक असतं, फक्त पावलं चार टाकायची की पाच, एवढाच प्रश्न असतो. भरताचं वांगं निवडताना मात्र त्या घाई करत नाहीत. दिसायला थोराड आणि हाताला हलकं, असं बघून घेतात, कारण वजनदार वांग्यात बिया फार. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते मिळण्याच्या कितीतरी आधीपासून हे ज्ञान बाजारात फुकट आहे. शिवाय चव आणि काटकसर एकाच बाजूला उभ्या आहेत असा हा विरळा प्रसंग. हलकं वांगं पैशालाही हलकंच पडतं.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी घरखर्चाचा ताबा घेतला. म्हणजे खर्च आम्हीच करतो, नोंद ते करतात. मोबाईलमध्ये तक्ता केला, त्यात रंगीत रकाने पाडले. जपानमध्ये मोतोको हानी नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ साली गृहिणींसाठी घरखर्चाची वही काढली. ती पद्धत आता जगभर पोचली आहे आणि ती प्रत्येक खर्च चार कप्प्यांत टाकायला सांगते. गरज, हौस, ज्ञान-संस्कार आणि अनपेक्षित. हे कुठेतरी वाचून ह्यांनी चार कप्पे केले आणि पहिल्याच लग्नसराईत अडकले. भाचीच्या नणंदेच्या लग्नातला आहेर कुठे लिहायचा? तो केल्याशिवाय गत्यंतर नाही म्हणून गरज, साडी जरा बरी घेतली म्हणून हौस, रीतभात आहे म्हणून संस्कार, आणि पत्रिका आदल्या दिवशी आली म्हणून अनपेक्षित. शेवटी त्यांनी पाचवा कप्पा उघडला आणि त्याला नाव दिलं 'किरकोळ'. आज आमच्या घरात सर्वांत मोठा आकडा त्याच कप्प्यात असतो.

तक्ता आल्यापासून एक मात्र कळलं. आमच्या कढईतलं तेल आमच्या हातात नाही. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून मोठा हिस्सा बाहेरून येतो. २०२२ च्या उन्हाळ्यात युक्रेनमधल्या लढाईमुळे सूर्यफुलाचं तेल अडलं, आणि एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली. ती बंदी महिनाभरही टिकली नाही, पण नेमके तेच दिवस आमच्याकडे पाहुण्यांसाठी कुरडया-पापड तळायचे. जकार्तात कुणी कागदावर सही केली आणि भडगावात पापड भाजून वाढले गेले. पाहुण्यांना सांगितलं, डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलंय. सध्याच्या दिवसांत हे कारण कुणालाही पटतं, उलट घराची प्रतिष्ठा वाढते.

त्याच वर्षी १८ जुलैपासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या पीठ, डाळ, तांदळाच्या लहान पाकिटांवर पाच टक्के कर लागला, सुट्या मालावर नाही. सासूबाईंनी आयुष्यात कधी पाकिटातलं पीठ घरात येऊ दिलं नाही. "आत काय भरलंय ते दिसत नाही," एवढंच त्यांचं कारण. ह्यांनी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा त्या फक्त "मग?" म्हणाल्या. त्यांचं म्हणणं सरकारला इतक्या उशिरा कळलं, याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

खरं सांगायचं तर आमचा खानदेशी स्वयंपाक म्हणजेच महागाईवरचा जुना तोडगा आहे. उन्हाळ्यात भाजी मिळत नाही किंवा परवडत नाही, म्हणून इथल्या बायकांनी भाजीशिवाय भाज्या केल्या. डाळीच्या पिठाच्या वड्या पाडून पाटोडीची भाजी, भरडलेल्या डाळी वाफवून फुणके आणि सोबत कढी, उकळत्या रश्शात सोडलेले डुबुकवडे. ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी तर अशी, की तिच्यासोबत ठेचा आणि कांदा असला तरी पंगत उठू शकते. हे सगळं गरजेपोटी जन्मलं आणि जिभेवर बसून गेलं. आता महामार्गावरच्या ढाब्यांवर तीच पाटोडी आणि रश्शावर शेव घातलेली शेवभाजी 'खास खानदेशी' म्हणून मिळते, आणि तिचा भाव बघून आपण घरी येऊन तीच करून खातो. काटकसर अशी गोल फिरून परत काटकसरीवर येते.

या स्वयंपाकाच्या हिशेबात एक रकम कधीच धरली जात नाही. चैत्र-वैशाखात पहाटे उठून गल्लीतल्या बायका आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा जमतात. ज्वारीचे बिबडे थापायचे, कुरडया घालायच्या, पापड लाटायचे. मजुरी कुणी कुणाला देत नाही, हाताची उसनवार हातानं फिटते. पोरं कुरडयांचा चीक खाऊन गच्चीवर राखणीला बसतात. वर्षभर पुरणारे ते डबे बघून ह्यांनी तक्त्यात लिहिलं, 'वाळवण : बचत'. मी त्याखाली एक ओळ घालायला लावली, 'बायकांचे कष्ट'. रक्कम किती लिहू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दुकानात जाऊन बिबड्यांचा भाव विचारा, त्यातून ज्वारीचा भाव वजा करा आणि उरेल ते लिहा. ती ओळ अजून कोरी आहे.

वर्षाचे गहू उन्हाळ्यात भरले की स्वस्त पडतात, हे खरं. ऊन द्यायचं, एरंडेल चोळायचं, कडुनिंबाचा पाला घालून कोठी भरायची. तुरीची डाळही जळगावच्या मिलची एकदम आणली की बरी पडते. २०१५ साली तूरडाळ दोनशे रुपयांच्या घरात गेली तेव्हा कोठी भरलेली माणसं निवांत होती. पण एकदम भरायला एकदम पैसा लागतो. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी, शेतात निंदणीला जाणारी बाई रोजच्या रोजीतून दहा-वीस रुपयांचं तेल सुटं नेते. हिशेब केला तर तिचं तेल आमच्या डब्यातल्या तेलापेक्षा महाग पडतं. काटकसर करायलाही आधी गाठीशी काही असावं लागतं, हे बचतीच्या युक्त्या सांगणारे सहसा सांगत नाहीत. तिची कोठी म्हणजे रेशनचं दुकान. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षेचं धान्य फुकट झालं, आणि त्याच्या आदल्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, साखर, हरभराडाळ आणि पामतेल असा 'आनंदाचा शिधा' मिळाला होता. तेव्हा तिनं केलेले रव्याचे लाडू आमच्याकडे आले होते. मोजून सहा होते आणि आमच्या लाडवांपेक्षा गोड होते.

टंचाई काय असते ते सासूबाईंच्या पिढीला सांगावं लागत नाही. १९७२ च्या दुष्काळातली परदेशी मिलो ज्वारी त्यांनी खाल्ली आहे. तिच्या भाकरीबद्दल त्या फक्त "पोट भरायची" म्हणतात, चवीबद्दल काही बोलत नाहीत. त्याच सुमाराला मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. भडगावात लाटण्याचा असा वापर झालेला माझ्या ऐकिवात नाही. आमचं लाटणं घरातल्या घरात पुरतं.

आणि मोर्चा काढायचा तरी कुणावर? शहरात भाव वाढले की कुणातरी अनोळखी व्यापाऱ्याला बोल लावता येतो. आमच्याकडे विकणारा घरातलाच निघतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये लिंबू दहा रुपयांना एक झालं तेव्हा मी सरबत बंद केलं आणि त्याच आठवड्यात लिंबाची बाग असलेल्या माझ्या भावाचं अभिनंदनही केलं. कजगावकडचे आमचे पाहुणे केळीचा भाव चढला की पेढे देतात आणि डाळीचा चढला की कपाळाला हात लावतात. सकाळी कापसाला भाव मिळू दे म्हणायचं आणि संध्याकाळी सरकीचं तेल उतरू दे म्हणायचं. देवानं कुणाचं आणि कधीचं ऐकावं? २०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या वर गेले तेव्हा टीव्हीवर केवढा आरडाओरडा झाला. त्याच्या दोन-तीन महिने आधी भाव मिळेना म्हणून शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले होते, तेव्हा कुणी टोमॅटोशिवायच्या आमटीची कृती सांगत नव्हतं. आमच्या घरी त्या जुलैत चिंच वापरली. पण सासूबाई टोमॅटोवाल्याला एक शब्द बोलल्या नाहीत. "त्यालेबी एकदा भेटू दे," म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की काटकसरीलाही गावासारखी वेस असते. वेशीच्या आत हवं तेवढं हिंडा, घासाघीस करा, तेलाऐवजी वाफ द्या, टोमॅटोऐवजी चिंच घाला. वेशीबाहेर मात्र पाऊल टाकायचं नाही. ह्यांच्या तक्त्यानं एकदा फार शिस्तीत दाखवून दिलं होतं की आल्यागेल्याचा चहा आणि शेवभाजीची शेव, या दोन गोष्टी निम्म्यावर आणल्या तर महिन्याकाठी बरी रक्कम वाचेल. गणित बिनचूक होतं. सासूबाईंनी ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग कोण येईल आपल्याकडे?" पाहुण्याला घरात काटकसर चालू असल्याचं कळलं, तर ती काटकसर उरत नाही, टंचाई होते. आणि रोज पाटोडी, फुणके, कळण्याची भाकरी हसत खाणाऱ्या घराला आठवड्यातून एकदा रश्शावर मूठभर शेव जास्त पडली नाही, तर ते हसू फार दिवस टिकत नाही. शेव आहे म्हणून उरलेले सहा दिवस निभावतात. हे अर्थशास्त्र तक्त्यात मांडता येईना, म्हणून ह्यांनी तो प्रस्ताव मागे घेतला.

आता मी बाजारात सासूबाईंकडे जरा नीट बघते. वांग्यांवरून दोन रुपयांसाठी त्या पाव तास भांडतात, चार पावलं जातात, हाक आली की परततात, ते दोन रुपये जिंकतात. मग पैसे देताना सुट्ट्याचा घोळ होतो. विकणारी कनवटीला हात घालते. तेव्हा सासूबाई पिशवी उचलत म्हणतात, "ऱ्हाऊ दे, पोरले गोळी लई दे." म्हणजे इतकी घासाघीस करून मिळवलेले दोन रुपये तिथेच सोडून येतात. भाव पाडणं हा मान झाला, पैसे सोडणं हे नातं झालं, आणि बाजारात दोन्ही लागतात. घरी आल्यावर हे मोबाईल उघडून बसतात. भाव एक आणि गेलेले पैसे दुसरे, हा फरक त्यांना कुठेच बसवता येत नाही, म्हणून तो 'किरकोळ'मध्ये जातो. महिनाअखेरीला चष्मा पुसत ते विचारतात, हे किरकोळ इतकं कसं वाढलं? सासूबाई माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघते आणि सांगते, "महागाई. दुसरं काय!"