साडेसात चालेल

आमच्या ह्यांना साखर आहे आणि मलाही आहे. लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेतले छत्तीसपैकी जेमतेम अठरा गुण जुळले होते. ‘चालवून घेऊ’ असं म्हणत मामांनी पुढची बोलणी केली होती. राहिलेले गुण सत्तरीनंतर पॅथॉलॉजी लॅबमध्ये जुळले. मागच्या खेपेला माझा एचबीएवनसी ७.३ आला आणि ह्यांचाही ७.३. ‘‘आता तरी आपलं एकमत झालं म्हणायचं का?’’ असं मी विचारलं, तर हे म्हणाले, ‘‘दुसऱ्या दशांशापर्यंत बघायला हवं.’’

हे बँकेतून निवृत्त झालेले. दिवसअखेरीच्या हिशेबात चार आण्यांचा फरक लागला तर तो सापडेपर्यंत घरी न येणाऱ्यांपैकी. मी शाळेत गणित शिकवलं. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना मार्क दिले आणि आता दर तीन महिन्यांनी लॅबवाला आम्हाला देतो. ही परीक्षा मोठी चलाख आहे बरं का. उपाशीपोटीच्या तपासणीला फसवता येतं. दोन दिवस भात सोडायचा, आदल्या रात्री मुगाचं पातळ वरण पिऊन झोपायचं आणि सकाळी साळसूद चेहऱ्याने बाही वर करायची. एचबीएवनसीपुढे ही हुशारी चालत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात रक्तात जी साखर फिरली असेल ती आपापल्या प्रमाणात त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते. त्यामुळे दिवाळीतले अनारसे ख्रिसमसलाही सापडतात. चाचणीच्या आदल्या रात्री घोकंपट्टी करणारी मुलं वर्षभराची वही तपासायला मागितली की जशी एकमेकांकडे बघायची, तशी आमच्या कट्ट्यावरची मंडळी रिपोर्टच्या दिवशी बघतात.

हा कट्टा ठाण्यात तलावपाळीवर आहे. एके काळी इथे मुलांचे दहावीचे टक्के सांगितले जात. मग त्याच मुलांचे अमेरिकेतले पगार आले, मग नातवंडांचे फोटो. आता एचबीएवनसी. फरक एवढाच की इथे ज्याचा आकडा कमी त्याची मान ताठ. ‘‘माझा सहा पॉइंट चार’’ असं म्हणणारे एक गृहस्थ रोज भेटतात आणि आम्ही विचारलं नसलं तरी सांगतात. प्रत्येकाचा एक जालीम उपाय ठरलेला आहे. कोणी रात्रभर भिजवलेल्या भेंडीचं पाणी पितं, कोणी विजयसाराच्या पेल्यातलं, कोणी कारल्याचा रस, कोणी जांभळाच्या बियांची पूड. यातल्या एकानेही डॉक्टरांची गोळी बंद केलेली नाही. पण श्रेय मात्र भेंडीला.

ह्यांना सुरुवातीला आपल्याला मधुमेह झालाय हेच मान्य नव्हतं. ‘‘मी कुठे जाडा आहे?’’ हा एकच मुद्दा. खरंच, हे लग्नातल्या कोटात अजून मावतात आणि वर्षातून एकदा मावून दाखवतात. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. फोटोत दोघंही सारखेच सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये फोटोसकट छापून आलं. भारतीय माणूस वरून काटकुळा दिसला तरी आतून गुबगुबीत असू शकतो, हे सांगायला स्वतःचाच नमुना देणारा शास्त्रज्ञ मला फार आवडला. ह्यांना नाही आवडला. ‘‘म्हणजे मी आतून जाडा?’’ असं दोन-तीनदा विचारून झालं आणि त्या वर्षी कोट घालून दाखवण्याचा कार्यक्रम झाला नाही.

मान्य केल्यावर मात्र ह्यांनी बँकच उघडली. निळी खतावणी, उभ्या रेघा, उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी, शेरा. त्यात पहिलं भांडण झालं ते सकाळच्या आकड्यावरून. रात्री झोपताना १२८, मध्ये अन्नाचा कण पोटात गेला नाही, आणि सकाळी १५६! ‘‘ही वरची अठ्ठावीस जमा केली कोणी?’’ संशयाने माझ्याकडे पाहिलं गेलं. खरं कारण असं की पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, त्यासाठी काही हार्मोन्स सुटतात आणि यकृत आपल्याजवळची साखर रक्तात सोडतं. ह्याला डॉक्टरांकडे रीतसर इंग्रजी नाव आहे, हे कळल्यावर हे थोडे शांत झाले. नाव असलेल्या खात्यात फरक दाखवायला ह्यांची हरकत नसते.

मे महिन्यात तर २८६ आला. घरात हापूसची पेटी होती, त्यामुळे आरोपपत्र तयारच होतं. हे शपथेवर सांगत होते की आंबा खाल्ला नाही, फक्त नातवाला कापून दिला. मी म्हटलं, हात धुवा आणि पुन्हा टोचा. धुतले, पुसले, बोटाच्या शेंड्यावर नाही तर कडेला टोचलं (तिथे दुखतं कमी), आणि आकडा आला १४१. बोटाला लागलेला आंब्याचा रसच यंत्राने मोजला होता. खतावणीत ‘२८६: आंबा, बाह्य’ अशी नोंद आहे आणि तिच्याखाली माझी साक्षीदार म्हणून सही आहे.

तर मुद्दा असा की कट्ट्यावरच्या सहा पॉइंट चारने ह्यांची झोप उडाली होती. ह्यांना साडेसहाच्या आत यायचं होतं. रात्रीची भाकरी गेली, तलावपाळीच्या फेऱ्या वाढल्या. ह्यांना मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे. मेटफॉर्मिन तसं समजूतदार, ते एकटं असेल तर साखर सहसा फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. माणूस जेवलाय की नाही याची ते चौकशी करत नाही, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. अशात आली आषाढी एकादशी. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, बटाटा तोच, रताळं त्याचंच भावंड, असं म्हणून ह्यांनी ताकावर उपास धरला आणि गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली. एकादशी अन् दुप्पट खाशी या म्हणीप्रमाणे वागले असते तर निदान गोळीला काही काम मिळालं असतं.

अकराच्या सुमारास हे पेपर घेऊन बसले होते. मी स्वयंपाकघरातून नेहमीचं बोलले, ‘‘अहो, माझ्या धाकट्या भावाला चार दिवस राहायला बोलवावं म्हणते.’’

बाहेरून आवाज आला, ‘‘बोलव की. बरं वाटेल.’’

माझ्या हातातलं उलथनं गळालं. माझा भाऊ आणि हे यांच्यात १९८९ सालच्या एका फिक्स्ड डिपॉझिटवरून जे आहे ते आहे. बाहेर येऊन बघते तर पंखा पाचवर आणि कपाळावर घाम, पेपर उलटा धरलेला, चेहऱ्यावर प्रेमळ हसू. साखर उतरली की माणूस चिडचिडा होतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते लक्षण आमच्या घरी निरुपयोगी आहे, कारण मग रोजच यंत्र काढावं लागेल. आमच्याकडे काळजी करायची ती हे कबूल व्हायला लागले की. टोचलं तर ५६. सत्तरच्या खाली गेलं की खाली म्हणायचं. लगेच तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून दिली, साधारण पंधरा ग्रॅम. बिस्किट नाही, चॉकलेट नाही. त्यातलं तूप साखरेला वाटेत अडवून ठेवतं. मग पंधरा मिनिटं थांबून पुन्हा टोचायचं, हा नियम. मी घड्याळाकडे बघत बसले. यंत्राने ९८ दाखवले त्याच्या जरा आधीच हे म्हणाले, ‘‘कोणाला बोलावलंस? चार दिवस?’’ मी देवाला हात जोडले आणि वरईचा भात पुढे ठेवला, कारण नुसती साखर टिकत नाही, मागाहून पोटात काहीतरी जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खतावणी पाहिली. चष्मा काढून ठेवला. आम्हाला वाटलं, कौतुक करणार. ते म्हणाले, ‘‘काका, तुम्हाला साडेसहा कोणी सांगितलं? तुमच्या वयाला साडेसात चालेल.’’ तब्येत आणखी नाजूक असेल तर ते आठपर्यंतही चालवून घेतात म्हणे. पुढे पंधरा-वीस वर्षांनी डोळे आणि मूत्रपिंडं शाबूत असावीत म्हणून आज बाथरूममध्ये भोवळ येऊन खुबा मोडून घ्यायचा, हा हिशेब सत्तरीनंतर जुळत नाही, असं त्यांनी समजावलं. ग्लिमेपिराइड निम्मं केलं आणि न जेवता ते घ्यायचं नाही अशी ताकीद दिली.

हे घरी येईपर्यंत गप्प. रिक्षातून उतरताना म्हणाले, ‘‘साडेसात. म्हणजे साडेसातीच की.’’ ह्यांना दुःख साखरेचं नव्हतं. पासाची पातळी खाली आणल्याचं होतं. परीक्षा सोपी केली की हुशार मुलाचा होतो तसा अपमान झाला होता. मी इतकी वर्षं वर्गात हे पाहिलं आहे, म्हणून बोलले नाही. मला स्वतःला तर साडेसातचं फार बरं वाटलं. तेवढ्यात नेसत्या साडीवर एखाद्या बारशाला जाऊन येता येतं.

बारशाला जाणं सोपं असतं असं मात्र नाही. ‘‘काकू, साखर नाही हो, गूळ घातलाय!’’ हे वाक्य मी जिथे ऐकलं नाही असं गाव महाराष्ट्रात नाही. कोल्हापूरच्या गुळाबद्दल मला आदरच आहे, पण रक्तात गेल्यावर तो आपलं गाव सांगत नाही. गोव्यात माझी नणंद असते. २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात पहिला आला, २६.४ टक्के. तिला हे सांगितलं तर तिने ‘‘आमचा कशात तरी पहिला नंबर आला’’ असं म्हणत खोबरं-गुळाच्या पातोळ्या पुढे केल्या.

घरी मी फक्त ताटाचा क्रम बदलला. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा आमटी, भात-पोळी शेवटी. तेच पदार्थ या क्रमाने खाल्ले तर जेवणानंतरची साखर कमी चढते. आयुष्यभर वरणभाताने सुरुवात केलेल्या माणसाला आधी काकडी चावायला लावणं म्हणजे काय, ते विचारू नका. जेवणानंतर घरातल्या घरात पंधरा मिनिटं चालायचं, तेही हे करतात. पण भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं मोजत, मोठ्याने.

आणि रात्री पाय. मधुमेहात पायांची जाणीव हळूहळू कमी होते, खडा रुतला तरी कळत नाही, म्हणून रोज तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. स्वतःचे तळवे बघायला या वयात कोण वाकणार? त्यामुळे मोबाइलचा टॉर्च लावून मी ह्यांचे पाय बघते आणि हे माझे. पूर्वी वटपौर्णिमेला मी एकदाच पाया पडत असे. आता ह्यांना रोज माझ्या पायांशी बसावं लागतं. ‘‘डाव्या करंगळीजवळ कोरडी त्वचा, तेल लाव, पण बेचकीत नको,’’ असा अहवाल येतो. इतक्या बारकाईने ह्यांनी माझ्याकडे तरुणपणीसुद्धा पाहिल्याचं मला आठवत नाही.

गणपतीच्या आधी तपासणी होती. ह्यांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, ‘‘मोदकांचं काय?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘खा ना, दोन खा. त्या जेवणात भात मात्र नको.’’ हे परवानगीचा कागद मागणार होते, मी दंड धरून बाहेर आणलं. चतुर्थीला सकाळी मी उकड मळत होते तर हे जन्मात पहिल्यांदा हाताला तूप लावून ओट्याशी येऊन उभे राहिले. ‘‘माझे दोन मी वळतो.’’ वळले. पाकळ्या बऱ्या आल्या होत्या, पण मोदकपात्राचं झाकण लागेना. मी विचारलं, ‘‘हे काय?’’

‘‘डॉक्टरांनी संख्या सांगितली होती. आकारमान सांगितलं नव्हतं.’’

मी पेन्सिल घेतली आणि निळ्या खतावणीच्या मागच्या पानावर ह्यांना समजावून दिलं, की मोदक सगळ्या बाजूंनी दुप्पट झाला की त्याचं घनफळ दुप्पट होत नाही, आठपट होतं. ह्यांनी आकडेमोड दोनदा तपासली, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘‘म्हणजे दोनात सोळा बसले? मग पाकळ्या आणखी थोड्या मोठ्या घेता आल्या असत्या.’’